वळवाचे वादळ : पाहावे कसे, राहावे कसे

(संस्थेच्या उन्हाळी विद्यार्थी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी काही जणांना नवल वाटले असेल. अशा शिबिरात शिक्षणावर बोलतात, स्पर्धा परीक्षांवर बोलतात, आरोग्यावर, व्यसनमुक्तीवर बोलतात. वळवाच्या वादळावर व्याख्यान ते काय द्यायचे? ते तर दर उन्हाळ्यात येते, घटकाभर धिंगाणा घालते आणि निघून जाते. हे खरेच आहे. परंतु जी गोष्ट दरवर्षी येते, तिच्याकडेच आपण नीट पाहत नाही, हेही तितकेच खरे आहे.

एक आकडा आपल्यापुढे ठेवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षी पूर, दरडी, उष्माघात, थंडी अशा सर्व नैसर्गिक कारणांनी मिळून ८,०६० मृत्यू नोंदले गेले. म्हणजे त्यातील एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या विजेचे. आणि हे एखाद्या वर्षापुरते नाही. २०१९ पासून २०२२ पर्यंत प्रत्येक वर्षी हा आकडा २,८०० च्या वरच राहिला. दिवसाची सरासरी काढली तर रोज सुमारे आठ माणसे. महापूर आला की वर्तमानपत्राचे पहिले पान भरते. वीज मात्र एका गावात एक, दुसऱ्या गावात दोन अशी माणसे नेते, आणि आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते.

आता ही माणसे कोण, याचा विचार करा. भर दुपारी उघड्या रानात कोण असते? शेतात रोजाने जाणाऱ्या बाया, गुरे राखणारी मुले, मेंढरांमागे फिरणारे, वीटभट्टीवर राबणारे, रस्त्याच्या कामावरचे मजूर. ज्याला पक्के घर आहे आणि घरात थांबण्याची मोकळीक आहे, तो बहुधा वाचतो. वीज जातपात पाहत नाही असे आपण म्हणतो, परंतु तिच्या वाटेत कोणाला उभे राहावे लागते हे मात्र गरिबीच ठरवते. म्हणून हा विषय आपल्या संस्थेचा आहे असे मी मानतो. येथे बसलेल्या किती विद्यार्थ्यांचे आईवडील या घटकेला रानात असतील, हे मी विचारत नाही. आपणच मनात मोजावे.

प्रथम हे वादळ होते कसे ते पाहू.

आपल्याकडे मृगाच्या आधी, विशेषतः एप्रिल आणि मे महिन्यांत, मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र या भागांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. जमीन तापते. जमिनीला लागून असलेली हवा तापून हलकी होते आणि वर चढू लागते. त्याच सुमारास समुद्राकडून दमट वारे आत आलेले असतील, तर या वर चढणाऱ्या हवेबरोबर बाष्पही वर जाते. वर गेल्यावर हवा थंड होते, बाष्पाचे थेंब होतात आणि ढग दिसू लागतो. बाष्पाचा थेंब होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ती हवा आणखी वर ढकलली जाते. म्हणजे ढग स्वतःच स्वतःची भट्टी पेटवतो म्हणा ना! सकाळी अकराच्या सुमारास पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. दुपारी दोन-तीन वाजेपर्यंत त्यातील एखादा फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वर वर चढत जातो. आणखी तासाभरात त्याचा माथा बारा-पंधरा किलोमीटर उंच पोहोचतो. तेथे त्याला आणखी वर जाता येत नाही, म्हणून तो आडवा पसरतो. लोहाराच्या ऐरणीचा वरचा भाग जसा सपाट आणि एका बाजूला टोकदार असतो, अगदी तसा. आकाशात अशी ऐरण दिसली की समजावे, हा साधा ढग नव्हे, हा वादळी ढग आहे.

अमेरिकेत १९४६ आणि १९४७ साली फ्लोरिडा आणि ओहायो येथे विमाने थेट अशा ढगांत नेऊन शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. त्यातून या ढगाच्या आयुष्याच्या तीन अवस्था स्पष्ट झाल्या. पहिल्या अवस्थेत हवा फक्त वर जाते. दुसऱ्या अवस्थेत वर जाणारा आणि खाली येणारा असे दोन्ही प्रवाह एकाच ढगात शेजारी शेजारी वाहतात, आणि याच वेळी वीज, वारा, पाऊस, गारा यांचा जोर सर्वाधिक असतो. तिसऱ्या अवस्थेत पावसाबरोबर खाली आलेली थंड हवा जमिनीवर पसरून वर जाणारी उष्ण हवाच तोडून टाकते, आणि ढग विरत जातो. अशा एका ढगाचे सगळे आयुष्य साधारण अर्धा तास ते तासभर. त्याच्याजवळ दुसरा ढग उभा राहिला तर वादळ लांबते, एवढेच.

पावसाच्या आधी तो गार वारा येतो, तोही याच कारणाने. ढगातून पडणारे थेंब वाटेत काही प्रमाणात आटतात, त्यामुळे भोवतीची हवा थंड आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. वारा सुटला आणि जीव सुखावला असे आपण म्हणतो, परंतु तो वादळाने धाडलेला सांगावा असतो. याच वाऱ्याने पत्रे उडतात, खांब वाकतात, झाडे उन्मळतात. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ च्या रात्री वादळी वाऱ्यात एक जुने कडुनिंबाचे झाड देवस्थानाच्या आवारातील पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि शेडखालच्या ७ माणसांचा जीव गेला. मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी अशाच वळवाच्या वाऱ्याने प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर पडला आणि १७ जण दगावले. तेव्हा वळवाचे वादळ म्हणजे केवळ वीज असे समजू नये.

आता विजेकडे वळू. ढगाच्या मधल्या भागात बर्फाचे हलके स्फटिक आणि गारांचे जड कण एकमेकांवर आदळत असतात. या आदळआपटीत विद्युतभाराची देवाणघेवाण होते. हलके स्फटिक बहुधा धन भार घेऊन माथ्याकडे जातात, जड कण ऋण भार घेऊन मध्ये आणि खाली राहतात. हा भार वाढत वाढत जातो आणि हवेचा अडसर मोडतो. ढगातून विजेची एक वाट टप्प्याटप्प्याने, नागमोडी, जमिनीकडे उतरू लागते. ती जवळ आली की जमिनीवरून, झाडाच्या शेंड्यावरून, घराच्या कोपऱ्यावरून, उभ्या माणसावरूनही तिला भेटायला वर वाट निघते. दोन्ही वाटा जुळल्या की प्रचंड प्रवाह वाहतो. त्या अरुंद मार्गातील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपटीहून अधिक. इतकी हवा एकाएकी तापल्यावर ती स्फोटासारखी फुगते. तोच आपला कडकडाट. विजेची वाट काही किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोहोचतो, दूरच्या टोकाचा नंतर, म्हणून तो गडगडत राहतो.

प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला जवळजवळ वेळच लागत नाही. आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद. यातून एक साधे गणित निघते आणि ते चौथीतल्या मुलालाही जमते. वीज चमकली की मोजायला लागा. घड्याळ नसेल तर मनात म्हणा, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. एकेका शब्दाला साधारण एक सेकंद जातो. गडगडाट ऐकू आला की थांबा आणि आलेल्या आकड्याला तीनने भागा. पंधरा आले तर वीज पाच किलोमीटरवर आहे. एवढ्या गणितावर आपल्याला वादळ येताना आणि जाताना पाहता येते.

एका मे महिन्यात मराठवाड्यातील एका गावी शाळेच्या व्हरांड्यात बसून मी असे एक वादळ वही-पेन्सिल घेऊन नोंदवले. त्या नोंदी आपल्याला सांगतो, कारण त्यांत वादळापेक्षा माणसांची गोष्ट अधिक आहे.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी पहिला गडगडाट कानी आला. चमकेनंतर ४२ सेकंदांनी. म्हणजे वादळ १४ किलोमीटरवर. शाळेसमोरच्या रानात सात-आठ बाया उन्हाळी भुईमूग काढत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिले आणि पुन्हा हात चालू केले. चार वाजून दोन मिनिटांनी २७ सेकंद. वादळ नऊ किलोमीटरवर. बाया कामातच. मुकादमाने दोन ओळी पुऱ्या करायला सांगितले होते. चार दहाला गार वारा सुटला, रस्त्यावरची माती उठली, १८ सेकंद. तेव्हा त्या उठल्या आणि रानाच्या बांधावर एकच मोठे कडुनिंब होते, त्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. शाळेतील गुरुजींनी आणि मी ओरडून, हात करून त्यांना बोलावले. त्या यायला तयार नव्हत्या. शेवटी गुरुजींनी विद्यार्थ्यांकरवी शाळेची घंटा वाजवली, तेव्हा पदर डोक्यावर घेऊन त्या धावत आल्या. त्या वेळी आकडा नऊवर आला होता, वादळ तीन किलोमीटरवर.

त्यांच्यातील एक वयस्क बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, आमी दरसाल त्याच झाडाखाली थांबतो. कुठं काय झालं?" दुसरी तरुण बाई हळूच म्हणाली, "इथं बसलो अन् रोज कापला, तर मग?"

मित्रहो, या दोन प्रश्नांत सगळा विषय आला आहे.

चार बाविसला आकडा तीनवर आला आणि दोन मिनिटांनी चमक आणि कडकडाट एकदमच झाले. मुलांनी कान झाकले. पावसाबरोबर बोराएवढ्या गारा पडल्या. पत्र्यावर इतका आवाज की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. मुकादमही तेवढ्यात डोक्यावर पोते घेऊन मोटारसायकल टाकून पळत आला आणि आमच्यातच येऊन बसला. चार चाळीसला आठ सेकंद. चार बावन्नला वीस. पाऊस ओसरला, पन्हाळीचे पाणी तेवढे गळत राहिले. पाच पाचला चौतीस. पाच बाराला शेवटचा गडगडाट, तोही दूरचा. पूर्वेला काळा ढग अजून लुकलुकत होता आणि पश्चिमेला ऊन पडले होते.

बाया लगेच निघाल्या. मी म्हटले, अजून अर्धा तास थांबा, मागे फिरलेल्या ढगाची वीजही पडते. त्यांनी मुकादमाकडे पाहिले. तो स्वतः भिजून गारठला होता, म्हणाला, "बसा." पावणेसहाला सगळे उठले. त्या दिवशी कोणाचा रोज कापला गेला नाही. कडुनिंबही जागच्या जागी उभे होते. वीज त्यावर पडली नाही.

त्या वयस्क बाईंचा प्रश्न म्हणूनच अवघड आहे. झाडावर वीज पडलीच असती तर मला उत्तर द्यायची गरज पडली नसती. परंतु वीज प्रत्येक झाडावर पडत नाही, दरसाल पडत नाही. दहा वर्षे काही झाले नाही, याचा अर्थ ते झाड सुरक्षित आहे असा होत नाही. रेल्वेचे फाटक बंद असताना खालून वाकून जाणारा माणूसही दहा वेळा सुखरूपच जातो. उघड्या माळावरचे एकटे झाड हे आजूबाजूला सर्वांत उंच असते, म्हणून विजेची वाट तेथे जुळण्याचा संभव अधिक. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारच्या माणसावर उडी घेते, कारण माणसाचे शरीर खोडापेक्षा चांगले वाहक असते. शिवाय ती मुळांवाटे जमिनीत पसरते. झाडाजवळ बांधलेली बैलजोडी एकाच वेळी मेल्याचे आपण ऐकतो, ते यामुळेच. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर असते, त्यामुळे प्रवाह एका पायातून चढून हृदयावरून दुसऱ्या पायाने उतरतो.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. पाली वाङ्मयातील महापरिनिब्बान सुत्तात आतुमा गावची हकीकत आली आहे. पाऊस, गडगडाट आणि विजा चालू असताना दोन शेतकरी भाऊ आणि चार बैल विजेने ठार झाले. त्या वेळी तेथेच एका कोठारात भगवान बुद्ध जागृत असूनही त्या कल्लोळाने विचलित झाले नाहीत, असा तो प्रसंग आहे. आपण एरवी त्यातील चित्ताच्या शांतीवर बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ते दोन भाऊही त्याच गोष्टीत आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी वादळात शेतकरी आणि त्यांचे बैलच मेले, आणि आजही तेच मरतात. ते कमी करणे आपल्या हाती आहे.

आता आपल्यातील काही समजुतींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पायाळू माणसावर वीज पडते असे सर्रास म्हणतात. बिचाऱ्या पायाळू मुलाला पाऊस आला की घरातील अंधाऱ्या कोपऱ्यात बसवतात. जन्मताना मूल पायाकडून आले की डोक्याकडून, हे विजेला कळण्याचा काही मार्ग नाही. ती उंची पाहते, मोकळी जागा पाहते. गारा थांबाव्यात म्हणून अंगणात विळा किंवा कुऱ्हाड टाकतात. गारा तशाही काही मिनिटांनी थांबतात, आणि श्रेय विळ्याला जाते. पण विळा टाकायला जो अंगणात जातो, तो त्या मिनिटाला धोक्यात असतो. सर्वांत घातक समजूत म्हणजे वीज लागलेल्या माणसाला शेणात किंवा मातीत गळ्यापर्यंत पुरले की वीज उतरते. असे प्रकार देशाच्या काही भागांत अजून घडतात आणि जो वाचला असता तो त्या वेळात दगावतो.

अशा समजुती फक्त आपल्याकडेच होत्या असे मानून कोणी खाली मान घालू नये. युरोपात वादळ आले की ते पांगावे म्हणून चर्चच्या मनोऱ्यातील घंटा वाजवण्याची प्रथा शतकानुशतके होती. गावातील सर्वांत उंच जागी, ओला दोर हातात धरून उभे राहणारे कित्येक घंटावाले त्यात प्राणास मुकले. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सूचनेनुसार फ्रान्समध्ये आणि पुढे अन्यत्र प्रयोग झाले आणि वीज म्हणजे दैवी कोप नसून विद्युतप्रवाह आहे हे सिद्ध झाले. या ज्ञानाचीही किंमत मोजावी लागली. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान हे शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना विजेने ठार झाले. आज इमारतीवर दिसणारी टोकदार सळई आणि तिच्यापासून जमिनीत खोल गेलेली तांब्याची पट्टी ही त्या प्रयोगांची देणगी आहे.

मग करावे काय? मी थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावे आणि घरी वाचून दाखवावे.

चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल, तर हातातील काम टाकून आसरा घ्यावा. मोजता आले नाही तर गडगडाट ऐकू आला हेच पुरे समजावे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. आसरा म्हणजे चार भिंतींचे पक्के घर, शाळा, ग्रामपंचायत, नाहीतर बंद मोटार किंवा एस.टी.ची गाडी. गाडीत आपण वाचतो ते रबरी टायरमुळे नव्हे, तर भोवतीच्या धातूच्या सांगाड्यातून वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते म्हणून. रबरी चप्पल काही उपयोगाची नाही. नुसते छप्पर असलेली उघडी शेड, मचाण, तंबू, झाड यांना आसरा म्हणू नये. घरात असताना नळ, तारांचा फोन, भिंतीला लावलेली विजेची उपकरणे यांपासून दूर राहावे. मोबाइल वीज ओढून घेतो ही अफवा आहे, फक्त तो चार्जिंगला लावून कानाला धरू नये.

रानात अडकलोच आणि जवळ आसरा नसला, तर टेकाड, पाण्याची जागा, तारेचे कुंपण, विजेचा खांब सोडून सखल जागी जावे. घोळक्याने न थांबता पांगून थांबावे. दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, डोके गुडघ्यांत घालावे, कान झाकावेत. आडवे झोपू नये, कारण अंगाचा जितका अधिक भाग जमिनीला टेकेल तितका जमिनीतील प्रवाहाचा धोका वाढतो. हा शेवटचा उपाय आहे, आसऱ्याची बरोबरी तो करीत नाही.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावल्याने आपल्याला धक्का बसत नाही. त्याचे हृदय आणि श्वास बंद पडलेला असेल, तर तो पुन्हा चालू होऊ शकतो. छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी, मोठ्या माणसाला सुमारे पाच सेंटीमीटर छाती दबेल इतक्या जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अनेकांना एकदम वीज लागली असेल, तर जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी धावावे. जो विव्हळत आहे त्याचा श्वास चालू आहे.

सरकारी यंत्रणाही माहीत असावी. आपले हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि १९२८ साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात ते त्यामुळे. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले. आज हे खाते रडारच्या आधारे पुढील तीन तासांपर्यंतचा वादळाचा इशारा देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाइल ॲप तयार केले आहे. आपल्या आसपास विजा पडत असतील तर ते सावध करते. ते अवश्य घ्यावे. परंतु वळवाचा ढग लहान आणि अल्पायुषी असतो. कोणत्या गावावर तो किती वाजता येईल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. रानात मोबाइलला रेंज नसते, आणि पुष्कळ बायांकडे मोबाइलच नसतो. म्हणून डोळे, कान आणि तीनचा पाढा यांना पर्याय नाही.

दुर्दैवाने वीज पडून कोणी दगावलेच, तर राज्य शासनाच्या निकषांनुसार वारसांना चार लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी तलाठ्याकडून पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखाच्या भरात घाईने अंत्यविधी उरकला जातो आणि मग ते कुटुंब वर्षानुवर्षे तहसील कचेरीत खेटे घालते. अशा वेळी संस्थेच्या कार्यकर्त्याने त्या घरी प्रथम पोहोचावे.

राहिला त्या तरुण बाईचा प्रश्न : रोज कापला तर? याचे उत्तर विज्ञानात नाही. वादळ आपल्याला अर्धा तास आधी कळवते. तो अर्धा तास वापरण्याची मुभा मात्र मालकाच्या आणि मुकादमाच्या हाती असते. ज्या बाईला आज संध्याकाळी त्या मजुरीतूनच पीठ आणायचे आहे, तिला तुम्ही कितीही नियम शिकवले तरी ती दोन ओळी पुऱ्या करणारच. ती अडाणी आहे म्हणून नव्हे, तिचा हिशेब वेगळा आहे म्हणून. तो हिशेब बदलायचा असेल तर गावात बसून बोलावे लागेल.

म्हणून संस्थेपुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, गावातील शेतमालक आणि मुकादम यांची उन्हाळ्याच्या आरंभी एक बैठक घ्यावी आणि गडगडाटात थांबलेल्या वेळेचा रोज कापला जाणार नाही असे सर्वांसमक्ष ठरवून घ्यावे. वर्षाकाठी असे तास किती भरतील? मालकाला ते जड नाहीत. दुसरी, संस्थेच्या सभागृहावर वीज अटकाव यंत्रणा जाणकाराकडून बसवून घ्यावी आणि वादळात सभागृहाचे दार सर्वांसाठी, कोणाचीही जात-वस्ती न विचारता, उघडे ठेवावे. तिसरी, छातीवर दाब देण्याचे शिक्षण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने दरवर्षी द्यावे. त्यात मुलींची संख्या निम्मी तरी असावी, कारण रानात बाईजवळ बाईच असते.

विद्यार्थी मित्रांना एक काम देतो. या सुट्टीत प्रत्येकाने एक वही करावी. ढग केव्हा दिसला, ऐरण केव्हा झाली, वारा कोणत्या दिशेने आला, चमक आणि गडगडाट यांतील सेकंद किती, शेवटचा गडगडाट केव्हा, हे सुरक्षित जागी बसून लिहावे. एकदा हे आकडे लिहू लागलात की वादळाची भीती आपोआप उतरते आणि सावधपणा मात्र राहतो. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. आकडे कमी होत जाताना छाती धडधडेल. ते वाढू लागले की वादळ जात असल्याचे तुम्हाला घरातील सर्वांच्या आधी कळेल. मग मातीचा वास येईल, कोणाचा कांदा भिजला, कोणाचा पत्रा उडाला हे पाहायला लोक बाहेर पडतील. तुम्ही मात्र घड्याळ पाहा आणि आईला म्हणा, अजून दहा मिनिटे थांब.